‘टायटल क्लिअर’ आहे, पण कुणासाठी?



डोळखांबपासून चोंढ्यापर्यंत आणि पलीकडे मुरबाडच्या टोकावडे-मोरोशीकडे सध्या एक शब्द फार ऐकू येतो. टायटल क्लिअर. टपरीवर चहा पिणारा पोरगा फोनवर सांगत असतो, “साहेब, टेन्शन घेऊ नका, टायटल एकदम क्लिअर आहे.” पलीकडचा साहेब ठाण्यात, पुण्यात किंवा अहमदाबादेत बसलेला असतो. त्याने डोळखांब नकाशावर पाहिलेलं असतं. पोरग्याने मात्र अख्खा शिवार पायाखाली घातलेला असतो. कुणाचा भाऊ दारू पितो, कुणाच्या घरात लग्न आहे, कुणाची बहीण उल्हासनगरला दिली आहे, हे सगळं त्याला माहीत असतं. हीच त्याची खरी लायकी, आणि कंपनी पैसेही याचेच देते.

कंपनीच्या भाषेत या कामाला ड्यू डिलिजन्स म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर पैसे मोजण्याआधी केलेली जमिनीची झाडाझडती. मालक कोण, बोजा कुणाचा, वारस किती, कूळ आहे का, जमीन आदिवासीची आहे का, वनखात्याची आहे का, वतनाची आहे का, कोर्टात दावा आहे का. काम वाईट नाही, झालंच पाहिजे. माझं भांडण वेगळं आहे. ही झाडाझडती ज्याच्या हातून होते तो दलाल व्यवहार झाला तरच कमावतो. ज्याचं कमिशन खरेदीखतावर अवलंबून आहे तो खरेदीखताच्या आड येणारी गोष्ट शोधणार नाही. सापडली तर ती बाजूला करेल. आणि बाजूला करायची ही ‘गोष्ट’ बहुतेक वेळा जिवंत माणूस असते. बहीण असते, कूळ असतं, कातकऱ्याचं घर असतं, आपल्या वस्तीतली म्हातारी असते.

आता हे सगळं आपल्याच भागात का चाललंय, ते समजून घ्या. सह्याद्रीचा कडा आणि खालचा कोकण यांच्यात जी सरळ उंची आहे ती वीजधंद्यासाठी सोनं आहे. वर एक तलाव, खाली एक तलाव. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, महाग असेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. हे आपल्याला नवीन नाही. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. त्याचं वरचं धरण अकोल्यातल्या घाटघरला आहे आणि खालचं आपल्या शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला. जपानच्या कर्जातून झालेलं ते सरकारी काम होतं. आता खासगी कंपन्यांची पाळी आहे. अदानी ग्रीनचा माळशेज घाट-भोरांडे प्रकल्प १५०० मेगावॅटचा आहे, आणि भोरांडे मुरबाड तालुक्यात येतं. जेएसडब्ल्यू एनर्जीचा भावली प्रकल्पही १५०० मेगावॅटचा, नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दीवरचा. त्याची वीज साठवून देण्याचा करार महावितरणशी झाला आहे. टाटांचा भिवपुरीला, टोरंटचा कर्जतला. २०२३ च्या डिसेंबरात राज्याचं उदंचन धोरणही आलं. म्हणजे अख्ख्या घाटाच्या पायथ्याला जमीन लागणार आहे. तलावाला, रस्त्याला, वीजघराला, टॉवरला, कामगारांच्या वसाहतीला. वनजमीन घेतली तर तिच्या बदल्यात वनीकरणासाठी बिगरवन जमीन द्यावी लागते, तीही कुठून तरी गोळा करायची असते. भलत्याच तालुक्यातलं वरकस रान अचानक कुणीतरी विचारायला लागतं, त्यामागे असंही कारण असू शकतं.

मी सौर किंवा उदंचन विजेच्या विरोधात नाही. कोळसा जाळून चंद्रपूरच्या माणसाच्या फुप्फुसांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पण भातसा, तानसा, वैतरणा शहापूर तालुक्याच्या उशाशी असताना दर उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर लागतो, हेही माहीत आहे. पाणी मुंबईला आणि हंडा आम्हाला, हा हिशोब एकदा झालाय. विजेच्या नावाने तो पुन्हा होणार असेल तर प्रश्न विचारावे लागतील.

जुन्या आणि नव्या पद्धतीतला फरक मला इथे महत्त्वाचा वाटतो. सरकारी प्रकल्पाला जमीन जायची तेव्हा १८९४ चा कायदा होता. इंग्रजांचा, जुलमी, सगळं खरं. तरी त्यात कलम ४ ची नोटीस होती, कलम ११ चा निवाडा होता, आणि निवाडा पटला नाही तर कलम १८ खाली कोर्टात जायची वाट होती. भूसंपादन अधिकाऱ्याला नाव होतं, खुर्ची होती, त्याच्या दारात धरणं धरता यायचं. मग २०१३ चा कायदा आला. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आली, अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती आली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ‘बाधित कुटुंब’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या बदलली. ज्याच्या नावावर जमीन नाही पण तीन वर्षांपासून तिथे मजुरी करतो, वाट्याने कसतो, रानातून गोळा करून जगतो, तोही बाधित. भूमिहीनाचं नाव कायद्यात लिहिलं गेलं. आपल्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

आणि दलालाने नेमकं हेच पुसलं. सरकारने जमीन संपादित केली तर हे सगळं लागतं. कंपनीने ‘थेट खरेदी’ केली तर बहुतेक काही लागत नाही. राज्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त जमीन खासगी वाटाघाटीने घेतली तर पुनर्वसनाची जबाबदारी येते, असं कलम ४६ सांगतं. पण वेगवेगळ्या नावांवर, वेगवेगळ्या वर्षांत, तुकड्या-तुकड्यांनी घेतलेली जमीन एका ठिकाणी मोजणार कोण? संपादनात नोटीस असते, खरेदीत टोकन असतं. संपादनात निवाडा असतो, खरेदीत ‘व्यवहार’ असतो. नोटिशीवर हरकत घेता येते. टोकन खिशात पडल्यावर हरकत कसली?

ही साखळी चालते कशी? वर कंपनी. तिच्या खाली जमीन गोळा करून देणारी एखादी फर्म. तिच्या खाली तालुक्याचा एजंट, जो पूर्वी फार्महाऊसचे प्लॉट विकायचा. आणि सगळ्यात खाली गावातला माणूस, ज्याला कुणी एजंट म्हणत नाही. तो ‘आपला’ असतो. कंपनीचा अधिकारी गावात येतो तो या माणसाच्या गाडीतून, या माणसाने निवडलेल्या रस्त्याने. सामाईक सातबारावर पंधरा-वीस नावं असतील तर आधी एकाला फोडायचं, त्याला विसार द्यायचा, मग बाकीच्यांना सांगायचं की तुमच्या भावाने तर सही केली, तुम्ही मागे राहिलात तर रस्त्यातला तुकडा पण जाईल. मेलेल्या माणसाचं नाव वीस वर्षं सातबारावर तसंच असतं. तलाठ्याकडे हेलपाटे घालून घरातले थकलेले असतात. हा येऊन सांगतो, “वारसनोंद मी करून देतो, तुम्ही एक सही करा.” ती सही वारसनोंदीच्या अर्जावर असते तशीच कुलमुखत्यारपत्रावरही असते.

बहिणींचं तर विचारूच नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, आणि हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. एजंटाला हे आपल्या भावांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून तो सगळ्यात आधी हक्कसोडपत्राचा कागद तयार करतो. भावाला घेऊन बहिणीच्या सासरी जातो, साडी-चोळी नेतो, सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात गाडीने नेऊन आणतो. किती रुपयांचा हक्क ती सोडतेय हे तिला कुणी सांगत नाही. आमच्या कामात भेटलेल्या एका म्हातारीने मला विचारलं होतं, “बाय, त्यानी माझा आंगठा नेला, आता तो परत कधी आणून देनार?” मी हसले नाही. तिने कायद्याचा सगळ्यात नेमका प्रश्न विचारला होता.

हे सगळं झालं की फाइल कल्याणच्या किंवा ठाण्याच्या वकिलाकडे जाते. तो तीस वर्षांचा सर्च घेतो, इंडेक्स टू काढतो, फेरफार लावतो, वर्तमानपत्रात चौदा दिवसांची जाहीर नोटीस देतो. ती नोटीस छापणारा पेपर डोळखांबच्या पाड्यांवर कधी पोहोचतो का? हरकत येत नाही. हरकत आली नाही म्हणून टायटल क्लिअर. वकिलाने खोटं काहीच लिहिलेलं नसतं. त्याच्यासमोर जे कागद ठेवले तेच त्याने वाचले, आणि कागद ठेवणारा कोण होता हे त्याच्या रिपोर्टात कुठेच नसतं.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा शिकवलं होतं की नोंदवही समाजाचं चित्र काढत नाही, ती सत्तेचं चित्र काढते. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. त्याचा अर्थ सातबारा हातात घेतल्यावर कळला. आपल्या भागातली कातकरी घरं बघा. कित्येक पाडे दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभे आहेत, दोन-दोन तीन-तीन पिढ्यांपासून. घराला नंबर असेल, मतदारयादीत नाव असेल, पण खालची जमीन सातबारावर एखाद्या खातेदाराची. सर्च रिपोर्टला ते घर दिसत नाही. ठाकरांचं एकसाली प्लॉटवरचं नाचणीचं शेत दिसत नाही. वनहक्काचा दावा मंजूर झाला नसेल, नुसताच प्रांताच्या कपाटात पडून असेल, तर तोही दिसत नाही. राबासाठी कवळ तोडायची वहिवाट, गुरांची वाट, मढं नेण्याची वाट, बाया सरपणाला जातात ते रान, काही काही दिसत नाही. आपली स्मशानभूमी आणि आपलं विहारही कित्येक गावांत गायरानावर किंवा कुणाच्या तरी तोंडी परवानगीवर उभं आहे. ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना सातबारावर असतो. गरिबाचा सगळा संसार त्या रकान्यात मावायला हवा होता, आणि नेमका तोच रिकामा असतो.

आता आपल्या लोकांनी नीट ऐकावं अशी गोष्ट.

शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची ७७ गावं आहेत. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. विक्रीला कलेक्टरची परवानगी, तीही सरकारच्या मंजुरीने. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालासुद्धा कलेक्टर लागतो. १९७४ च्या कायद्याने गेलेली जमीन परत मिळवण्याची वाट आहे. पेसा कायद्याने ग्रामसभेला जमिनीचं हस्तांतरण रोखण्याचा अधिकार दिलाय. म्हणजे आदिवासी जमिनीच्या दाराला निदान कुलूप आहे. ते कुलूप तोडायचे प्रयत्न सारखे चालू असतात. २०२५ च्या सप्टेंबरात महसूलमंत्र्यांनी आदिवासींना पडीक जमीन एकरी वर्षाला किमान ५० हजारांनी खासगी कंपन्यांना थेट भाड्याने देता येईल असं जाहीर केलंच, आणि आदिवासी संघटना त्यावर उठल्या. तरी कुलूप आहे.

आपल्या जमिनीला ते कुलूप नाही. अनुसूचित जातीच्या माणसाची साधी खरेदीची जमीन कुणीही शेतकरी दाखलेवाला विकत घेऊ शकतो. राहिली वतनाची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं संपली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, भोगवटादार वर्ग २. विकायला परवानगी आणि नजराणा. पण एका सातबारावर पन्नास नावं, अर्धे मुंबईत, काही मेलेले, कुणाला हिस्सा माहीत नाही. एजंटाच्या दृष्टीने याहून सोपं सावज नाही. म्हणून तो आधी आपल्या वस्तीत येतो. आपला तुकडा आणि कुणबी शेतकऱ्याचा तुकडा घेऊन झाला की मधल्या ठाकराच्या जमिनीला वाट राहत नाही, पाणी राहत नाही, आणि मग तोच माणूस ‘स्वखुशीने’ परवानगीच्या अर्जावर अंगठा द्यायला तयार होतो. आपल्या सहीची किंमत आपल्या गुंठ्यांपुरती नसते. शेजारच्या आदिवासीच्या कुलपाची किल्लीही त्याच सहीत असते. कंपनीच्या नकाशावर हे दोन्ही एका रंगात रंगवलेलं असतं. आपल्याला मात्र दोन वेगळे समाज, दोन वेगळे मोर्चे, दोन वेगळ्या संघटना दिसतात.

कुलमुखत्यारपत्राचा खेळ किती वर जातो ते २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यात दिसलं. सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन, मूळ वतनदारांच्या कुलमुखत्यारपत्रांवर उभा राहिलेला ३०० कोटींचा व्यवहार. बोभाटा झाला, गुन्हे दाखल झाले, चौकशी लागली. ते पुणं होतं आणि नावं मोठी होती म्हणून कॅमेरे आले. चोंढ्याच्या वाटेवरच्या तीन एकराला कॅमेरा येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की कुलमुखत्यारपत्र आणि साठेखताने मालकी जात नाही, मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. हा निकाल प्रत्येक वस्तीत वाचून दाखवायला हवा. कित्येकांना वाटतं, ‘पावर’ दिली म्हणजे जमीन गेली. गेलेली नसते. पावर रद्द करता येते. मोबदला घेऊन दिली असेल तर गुंता वाढतो, वकील लागतो, पण दार बंद नसतं.

मराठवाड्यातल्या मित्रांना हे वेगळ्या रूपात दिसतंय. तिथे एजंटाचीही गरज नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमीन दिली जाते, त्यात गायरान येतं. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले ते भूमिहीनाला जमीन मिळावी म्हणून. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला तो त्याच रेट्यातून. तरी हजारो कुटुंबांची नावं अजून लागली नाहीत. आता तलाठ्याचा अहवाल म्हणतो, जमीन ‘रिकामी’. कसणारा उभा आहे, पीक उभं आहे, आणि कागदावर जमीन रिकामी. इकडच्या ‘क्लिअर’चा तिकडचा भाऊ म्हणजे हा ‘रिकामी’.

दलालामुळे भाव मिळतो असं सांगणारे खूप आहेत. धर्मा पाटलांची आठवण ठेवा. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे ८४ वर्षांचे शेतकरी. सौर प्रकल्पासाठी जमीन गेली, पाच एकरांचे चार लाख हातात आले आणि शेजारच्या जमिनीला कोटींत मोबदला. जे दलालांमार्फत गेले त्यांना जास्त मिळालं, हा त्यांच्या घरच्यांचा आरोप होता. मंत्रालयाचे उंबरे झिजवून २२ जानेवारी २०१८ ला तिथेच त्यांनी विष घेतलं, २८ जानेवारीला गेले. तिथे जमीन सरकारने संपादित केली होती, निवाडे अधिकाऱ्यांनी केले होते, तरी दलालाला शिरायला फट सापडली असेल तर जिथे निवाडाच नाही तिथे काय होईल? दलाल भाव वाढवतो हे अर्धं खरं आहे. तो त्याच्या माणसाचा भाव वाढवतो आणि वाढलेल्या भावातून आपला काढतो. जो त्याच्याकडे जात नाही त्याच्या जमिनीचा भाव तो पाडतो, कारण दुसऱ्यांना दाखवायला एक पडलेला भाव लागतो.

तरीही दलालाच्या बाजूचं एक म्हणणं मी खोडून काढणार नाही. वीस वर्षं न झालेली वारसनोंद तो वीस दिवसांत करतो. चुकलेला गट नंबर दुरुस्त करतो, मोजणी आणतो. लोक त्याच्याकडे जातात कारण सरकार काम करत नाही आणि आपण कार्यकर्तेही करत नाही. आपण १४ एप्रिलला डीजे लावला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो, पण वस्तीतल्या किती घरांचे सातबारे काढून पाहिले? तलाठ्याच्या दारात वारसनोंदीसाठी किती वेळा बसलो? जी जागा आपण रिकामी सोडली तिथे तो बसला.

आणि तो कोण आहे हेही बोलू या, कारण आपापसात बोलायचं टाळतो. तो नेहमी शेठजी नसतो, नेहमी वरच्या जातीचा नसतो. गाडीच्या काचेला निळा झेंडा, मागे बाबासाहेबांचा फोटो आणि डॅशबोर्डवर विसारपावत्यांचं पुस्तक, अशी गाडी मी पाहिली आहे. बी.ए. झालेला, नोकरी नसलेला, हुशार पोरगा. ‘जय भीम काका’ म्हटलं की वस्तीतलं दार उघडतं. ते दार उघडायला तीन पिढ्या लागल्या, तुरुंग लागला, धर्मांतर लागलं. तो ‘जय भीम’ कंपनीला दोन टक्क्यांनी विकला जातोय. बेरोजगारीचं कारण मला कळतं. पण दोन टक्क्यांसाठी मावशीचा हक्क सोडवून घेणारा पोरगा उद्या आरक्षणाच्या मोर्चात पहिल्या रांगेत असेल, आणि त्याला कुणी विचारणार नाही, हे मला सहन होत नाही.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोत कोण होता? सरकार आणि कसणारा यांच्या मधला माणूस. बाबासाहेबांचा घाव त्या मधल्या माणसावर होता, कारण दोन्हीकडची माहिती त्याच्या एकट्याकडे असायची आणि तीच त्याची सत्ता होती. आजचा जमीन एजंट त्याच जागी बसलाय. फरक एकच. खोताचं नाव सरकारी दप्तरात होतं. एजंटाचं नाव कुठेही नाही. खरेदीखतावर नाही, सर्च रिपोर्टात नाही, पर्यावरण अहवालात नाही. कमिशन रोखीत. फसवणूक उघड झाली तर कंपनी म्हणते, आम्ही टायटल तपासलं होतं, तो माणूस आमचा नाही. एजंट म्हणतो, मी फक्त ओळख करून दिली.

बदलापुरात वन रूम किचन विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते, आता परीक्षाही द्यावी लागते. डोंगरपायथ्याची शेकडो एकर शेतजमीन वीज कंपनीला गोळा करून देणाऱ्याला काहीच लागत नाही. फ्लॅट घेणाऱ्या मध्यमवर्गीयाची फसवणूक सरकारला दिसली. जमीन विकणाऱ्या कातकऱ्याची, महाराची, कुणब्याची दिसली नाही.

वरून कुणी लक्ष ठेवील अशी आशा असेल तर तीही सोडा. २०२३ च्या नोव्हेंबरात बातमी आली की जलविद्युत प्रकल्प तपासणाऱ्या केंद्राच्या तज्ज्ञ समितीवर अदानी ग्रीनचे एक सल्लागार सदस्य आहेत. त्यांनी आपल्या कंपनीच्या चर्चेत भाग घेतला नाही असं सांगितलं. बरं. तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच टेबलावर बसू शकतात, एवढं आपल्याला पुरे आहे.

मग हातात काय आहे? खूप आहे, आणि ते वापरलेलं नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा आपण शिवीगाळ आणि मारहाणीपुरता वापरतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतरचं कलम ३(१)(फ) आणि (ग) उघडून वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाची जमीन बेकायदा ताब्यात घेणं, त्याला बेदखल करणं, वनहक्कांत अडथळा आणणं, हा अत्याचार आहे. ‘बेकायदा’ म्हणजे काय याचं स्पष्टीकरणही तिथे आहे. इच्छेविरुद्ध, संमतीशिवाय, धाक दाखवून घेतलेल्या संमतीने, किंवा जमिनीची बनावट कागदपत्रं करून. खोटा वारस, खोटा अंगठा, मेलेल्याची सही, हे नुसतं दिवाणी भांडण नाही. पोलीस ‘जमिनीचा वाद आहे, कोर्टात जा’ म्हणून परत पाठवतील तेव्हा हे स्पष्टीकरण छापून त्यांच्या टेबलावर ठेवा.

मुरबाडच्या काळू धरणाचं काम वनखात्याच्या परवानगीआधीच सुरू झालं होतं. श्रमिक मुक्ती संघटना हायकोर्टात गेली आणि २०१२ मध्ये काम थांबलं. ते कशाने थांबलं? ग्रामसभांचे ठराव लिहिलेले होते, जपलेले होते, तारखा जुळत होत्या.

ड्यू डिलिजन्स कंपनीने कंपनीसाठी करायची आणि गावाने चहा पाजायचा, हे बंद व्हायला हवं. गावाने गावासाठी करावी. एल.एल.बी., एम.एस.डब्ल्यू., एम.ए. झालेली आपली पोरं-पोरी शहापूर-मुरबाडमध्ये कमी नाहीत. प्रत्येक वस्तीचे, प्रत्येक पाड्याचे सातबारे, आठ-अ आणि फेरफार काढून एक वही करा. त्यात सरकारी रकान्यांपलीकडचं लिहा: कोण कसतं, कुणाचं घर कुठे आहे, वाट कुठून जाते, बहिणी किती आणि कुठे दिल्या आहेत. ती वही ग्रामसभेत वाचून ठरावात घ्या. पेसाचे नियम २०१४ पासून आहेत, पाड्याची वेगळी ग्रामसभा जाहीर करून घेता येते. बौद्ध वस्तीतल्या मतदारांचं त्या ग्रामसभेत आदिवासींइतकंच एक मत आहे. तिथे जाऊन बसा.

आणि एजंट आला तर त्याला हाकलू नका. बसवा, पाणी द्या आणि लेखी विचारा: कुठल्या कंपनीसाठी घेताय, कंपनीचं पत्र दाखवा, तुमचं कमिशन किती आणि ते कोण देतं, खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही कराल का, आणि ज्यांची नावं सातबारावर नाहीत पण जे इथे राहतात त्यांचं काय लिहिलंय तुमच्या रिपोर्टात. उत्तरं वहीत उतरवा, खाली त्याची सही घ्या. सही करायला नकार दिला तर तेही तारखेसकट लिहा. आमच्याकडे अशा दोन वह्या सुरू झाल्या आहेत. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी निरोप द्यावा, झेरॉक्स काढून पाठवते.